झोन २ ला सबवूफर जोडताना: आधी काय, नंतर काय आणि कुठे चुकतं

हॉलमधलं ५.१ (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर) मार्गी लागलं, होम थिएटर रिसीव्हरच्या झोन २ वर (म्हणजे दुसऱ्या खोलीसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर) दुसऱ्या खोलीत दोन छोटे स्पीकरही वाजू लागले, की आठवड्याभरात एक तक्रार ठरलेली: तबला ऐकू येतो, डग्गा गायब. मग एक जादाचा सबवूफर त्या खोलीत जातो, रिसीव्हरच्या मागे ‘सबवूफर’ असं छापलेल्या भोकात केबल खुपसली जाते आणि सब एक तर मुका राहतो किंवा भलत्याच वेळी बोलतो.

मीही हेच केलं होतं. मेव्हण्याच्या रिसीव्हरला सबवूफरची दोन प्री-आउट (न वाढवलेला सिग्नल बाहेर देणारी भोकं) होती, १ आणि २. दुसरं झोन २ साठीच असणार, असं मी धरून चाललो. बारा मीटर केबल कपाटांमागून नेली, सब लावला, गाणं सुरू केलं, सब ढिम्म. सकाळी बघू म्हणून तसंच सोडलं. रात्री साडेअकराला कुणीतरी हॉलमध्ये मारधाडीचा सिनेमा लावला आणि बेडरूममधला सब प्रत्येक स्फोटाला जागा झाला. कपाटाची काच तडतडत होती, नुकतं झोपलेलं बाळ उठून बसलं. त्या दोन्ही प्री-आउटांचा झोन २ शी काडीचा संबंध नव्हता; दोन्ही हॉलचीच होती.

## आधी एवढं डोक्यात पक्कं करा

मुख्य खोलीत रिसीव्हर सबसाठी बरीच कामं गुपचूप उरकतो. लहान स्पीकरना न झेपणारा बेस काढून सबकडे वळवतो, सिनेमाच्या आवाजातली एलएफईची (फक्त खोल बेसची) वेगळी वाहिनी त्यात मिसळतो, कोण किती लांब आहे ते पाहून वेळ जुळवतो आणि सगळ्यांची पातळी सारखी करतो. झोन २ मध्ये जवळजवळ सगळे रिसीव्हर यातलं काहीच करत नाहीत. तिथे फक्त डावा आणि उजवा असे दोन सिग्नल निघतात, बेससकट पूर्णच्या पूर्ण. त्या खोलीत सब आहे हे रिसीव्हरला ठाऊकच नसतं.

त्यामुळे सबला सिग्नल मिळायला हवा तो झोन २ च्या डाव्या-उजव्यातूनच, आणि तोही झोन २ चा व्हॉल्यूम लागू झाल्यानंतरचा. स्पीकर आणि सब एकाच नळाचं पाणी प्यायले पाहिजेत. नळ आवळला की दोघांचं कमी. शिवाय बेसची वाटणी रिसीव्हर करणार नाही, ती सबच्या मागच्या नॉबवर तुम्हालाच करायची आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींतून निघतात.

## पायरी १: दोन्ही डब्यांच्या पाठी वाचा

टॉर्च घ्या आणि मोबाइलने रिसीव्हरच्या मागच्या पॅनलचा फोटो काढा. वरून वाकून पाहिलं की अक्षरं उलटी दिसतात आणि डावं-उजवं फिरतं. बऱ्याच चुकीच्या जोडण्या या वाकण्यातून होतात. फोटोत नीट वाचता येतं.

रिसीव्हरवर पाहायचं ते असं:

- ‘झोन २ प्री-आउट’ ही लाल-पांढऱ्या आरसीए भोकांची जोडी आहे का?
- झोन २ साठी स्पीकर टर्मिनल आहेत का? ती स्वतंत्र असतील, किंवा सराउंड बॅक (मागचे स्पीकर) अथवा हाइटच्या (उंचावरचे स्पीकर) टर्मिनलखाली बारीक अक्षरात ‘झोन २’ छापलेलं असेल.
- १२ व्होल्टचा ट्रिगर आउट (दुसऱ्या डब्याला चालू व्हायचा इशारा देणारा) आहे का? नसला तरी अडत नाही.

सबवर पाहायचं ते असं:

- ‘लाइन इन’ डावं-उजवं आहे, की फक्त ‘एलएफई’ लिहिलेलं एकच भोक आहे?
- स्पीकरची वायर घेणारी टर्मिनल, म्हणजे ‘हाय-लेव्हल’ किंवा ‘स्पीकर-लेव्हल’ इनपुट आहे का?
- लो-पास किंवा क्रॉसओव्हरचा नॉब (ठरावीक आकड्याच्या वरचे सूर कापणारा), फेजचं बटण (सबची हालचाल स्पीकरशी जुळवणारं) आणि ऑटो-ऑनचं बटण (सिग्नल आला की सब चालू करणारं) कुठे आहे?

सबला स्वतःचा अँप नसेल, म्हणजे त्याला विजेची वायरच नसेल, तर तो पॅसिव्ह सब आहे. तो झोन २ च्या स्पीकरसोबत त्याच टर्मिनलला लावू नका. ८ ओहमच्या स्पीकरशेजारी ८ ओहमचा सब समांतर लावला की भार ४ ओहमवर येतो (ओहम कमी म्हणजे अँपवर ताण जास्त); बऱ्याच रिसीव्हरना तेवढा झोन २ मध्ये झेपत नाही, आणि मधे फिल्टर नसल्याने तो सब गाणंही म्हणू लागतो. पॅसिव्ह सबला वेगळा सब-अँप घ्या आणि मग त्या अँपला ‘सब’ समजून पुढचं वाचा.

इशारा: ‘स्पीकर बी’ म्हणजे झोन २ नव्हे. बी वर हॉलमध्ये जे चालू आहे तेच वाजतं. झोन २ ला स्वतःचा सोर्स आणि स्वतःचा व्हॉल्यूम असतो.

## पायरी २: वाट ठरवा

चार वाटा आहेत. पॅनल वाचून झालं असेल तर तुमची कोणती ते लगेच कळेल.

वाट क. झोन २ चे स्पीकर रिसीव्हरच चालवतो आणि सबला झोन २ प्री-आउटमधून आरसीए जाते. बऱ्याच रिसीव्हरमध्ये स्पीकर टर्मिनल झोन २ ला दिलेली असतानाही प्री-आउट जिवंत राहतं. तुमच्यात राहतं का, हे पाच मिनिटांत कळतं: प्री-आउटला कुठलाही अँपवाला छोटा स्पीकर लावून बघा.

वाट ख. प्री-आउट नाही, किंवा मुकं आहे, पण सबला हाय-लेव्हल इनपुट आहे. मग झोन २ च्या स्पीकर टर्मिनलवरूनच वायरची जादा जोडी सबकडे न्यायची.

वाट ग. झोन २ चे स्पीकर बाहेरच्या अँपवर आहेत. त्या अँपला सब-आउट असेल तर आनंद आहे, सब तिथून घ्या. नसेल तर प्री-आउटनंतर स्प्लिटर लावून एक फाटा अँपला, एक सबला.

वाट घ. रिसीव्हरकडे फक्त स्पीकर टर्मिनल आणि सबकडे फक्त आरसीए. मधे लाइन आउटपुट कन्व्हर्टर नावाची छोटी डबी लागते. ती स्पीकरच्या ताकदीचा सिग्नल आरसीएच्या ताकदीवर उतरवते. चालते, पण निवड असेल तर मी ही वाट शेवटी धरेन. आणखी एक डबी म्हणजे गुणगुणीला (सततच्या घूं आवाजाला) आणखी एक दार.

माझं मत विचाराल तर क; ते नसेल तर ख. दोन्हींत स्पीकर आणि सब आपोआप एकाच व्हॉल्यूमवर राहतात.

## पायरी ३: सबविना झोन २ नीट वाजू द्या

ही पायरी सगळे गाळतात आणि मग सबला शिव्या घालतात. सब अजून खोक्यातच राहू द्या. आधी दोन स्पीकर झोन २ वर बिनचूक वाजले पाहिजेत.

१. मेनूमध्ये ‘अँप असाइन’ उघडा आणि जादाची दोन चॅनेल झोन २ ला द्या. ७ चॅनेलच्या रिसीव्हरमध्ये हे केल्यावर हॉलमध्ये ५ चॅनेल उरतात. सराउंड बॅक किंवा हाइटचे स्पीकर गप्प होतात. बिघाड नाही, वाटणी आहे. वाट ग वाल्यांना हे करायची गरज नाही.

२. सोर्स तपासा. जुन्या रिसीव्हरमध्ये झोन २ ला फक्त अॅनालॉग इनपुट पोचतात. एचडीएमआय किंवा ऑप्टिकलवर लावलेला प्लेअर तिकडे वाजतच नाही. प्लेअरपासून रिसीव्हरपर्यंत साधी आरसीएची जोडीही टाकली की काम होतं. नव्या मॉडेलमध्ये डिजिटल इनपुट जातात, पण काहींना झोन २ साठी दोन चॅनेलचा पीसीएम, म्हणजे साधा स्टीरिओ डिजिटल आवाजच लागतो. सिनेमाचा आवाज तिकडे येत नसेल तर प्लेअरचा ऑडिओ आउटपुट पीसीएमवर करून बघा.

३. झोन २ चा मेनू उघडा. व्हॉल्यूम ‘व्हेरिएबल’ (रिमोटने बदलणारा) ठेवा. टोनमधले बेस आणि ट्रेबल शून्यावर आणा.

४. आता सगळ्यात लपलेला सापळा. काही रिसीव्हरच्या झोन २ मेनूत ‘एचपीएफ’ म्हणजे हाय-पास फिल्टर असतो. लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून तो खालचा बेस कापतो. सब लावणार असाल तर तो बंद करा. चालू राहिला तर सबकडे यायचा बेस वाटेतच अडतो. मग तुम्ही सबचा नॉब पूर्ण फिरवता आणि तरी नुसता ढब्ब, पोकळ आवाज येतो.

५. ‘व्हॉल्यूम लिमिट’ असेल तर चाचणीपुरती मध्यम मर्यादा घाला. जोडणीत घोळ झाला तर स्पीकर वाचतात.

इशारा: व्हॉल्यूम ‘फिक्स्ड’ फक्त अशाच बाहेरच्या अँपसाठी, ज्याला स्वतःचा व्हॉल्यूम नॉब आहे. बिननॉबच्या पॉवर अँपला फिक्स्ड सिग्नल दिला की चालू करताक्षणी पूर्ण ताकदीने वाजतो. आणि सबला फिक्स्ड, स्पीकरना व्हेरिएबल असं झालं तर स्पीकर हळू केल्यावरही सब गर्जत राहतो.

तपासणी: झोन २ वर गाणं, हॉलमध्ये वेगळं काहीतरी. झोन २ चा आवाज रिमोटवर कमी-जास्त करा; हॉलमध्ये फरक पडता कामा नये. इथपर्यंत जमलं की सब खोक्यातून काढा.

## पायरी ४: साहित्य

फार काही लागत नाही. शिल्डवाली आरसीए केबल, लागेल त्यापेक्षा मीटर-दीड मीटर जास्त. लांब अंतराला टीव्हीच्या आरजी-६ कोअॅक्सला आरसीएची टोकं लावली तरी उत्तम चालतं. लांबीने बेस जातो अशी एक समजूत आहे, ती सोडा. १५ मीटर आरजी-६ ची कपॅसिटन्स साधारण ८०० पिकोफॅरड होते आणि १ किलोओहमच्या आउटपुटलाही तिची कात्री दोन लाख हर्ट्झच्या आसपास, म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या सुरांच्या खूप वर लागते. आपण बोलतोय ८० हर्ट्झबद्दल. लांब केबलचा खरा त्रास गुणगुण हा आहे. तिच्याकडे पायरी ९ मध्ये येऊ.

केबल विजेच्या वायरीला चिकटून समांतर नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

स्प्लिटर घेताना दिशा पाहा. एका आउटपुटमधून दोन इनपुटकडे जाणारा स्प्लिटर चालतो. तीच वाय केबल उलटी वापरून डावं आणि उजवं अशी दोन आउटपुटं एकात जोडू नका. दोन आउटपुटं थेट एकमेकांना भिडली की ती एकमेकांविरुद्ध जोर लावतात. आवाज बिघडतो आणि आउटपुटवर नाहक ताण येतो. सबला एकच भोक आहे म्हणून लोक हमखास हेच करतात. त्यावरचा उपाय पुढच्या पायरीत आहे.

## पायरी ५: जोडणी

दोन्ही डब्यांचे प्लग भिंतीतून काढा. नुसतं रिमोटने बंद करणं म्हणजे बंद करणं नव्हे. सबला आरसीए जिवंत असताना लावलीत तर असा दणका येतो की सबचा कोन, म्हणजे पुढचा पडदा, हलताना दिसतो.

### वाट क: प्री-आउटमधून

झोन २ प्री-आउट डावं सबच्या लाइन इन डाव्याला, उजवं उजव्याला. बहुतेक सब आत दोन्ही एकत्र करून घेतात.

सबला एकच भोक असेल तर झोन २ मेनूत ‘मोनो’ आहे का पाहा. मोनो केलं की दोन्ही बाजूंना तेच निघतं आणि एका केबलवर सगळा बेस मिळतो. स्पीकरही मोनो होतात, पण छतातल्या किंवा लांब-लांब लावलेल्या स्पीकरना ते उलट बरंच असतं. मोनो नको असेल तर फक्त डावी केबल लावा. बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये खोल बेस मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा असतो. त्यामुळे पातळी घटते, ती सबच्या नॉबने भरून निघते. स्टीरिओच्या सुरुवातीच्या काळातल्या काही रेकॉर्डिंगमध्ये मात्र एखादं वाद्य एकाच बाजूला असतं. तिथे ते हरवेल.

### वाट ख: हाय-लेव्हल

रिसीव्हरच्या झोन २ टर्मिनलवर स्पीकरची वायर आहे, तिच्यासोबतच दुसरी जोडी लावा आणि चारही टोकं सबच्या हाय-लेव्हल इनपुटला न्या: डावं अधिक, डावं उणे, उजवं अधिक, उजवं उणे. रिसीव्हर लांब असेल तर झोन २ च्या स्पीकरच्या पाठीवरूनही फाटा घेता येतो. विजेच्या दृष्टीने दोन्ही एकच.

सबचं हे इनपुट हजारो ओहमचं असतं, करंट जवळजवळ ओढत नाही. म्हणून रिसीव्हरवर भार वाढत नाही आणि बारीक वायरही चालते.

तांब्याचा एक सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला तर रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. टोकं पिळून घट्ट करा, जोडल्यावर टॉर्चने एकदा बघा. दोन मिनिटं लागतात.

इशारा: स्पीकरची वायर सबच्या आरसीए लाइन इनला कधीही नाही. आणि बाहेरचा क्लास-डी अँप वापरत असाल तर आधी त्याची पुस्तिका पाहा: काही अँपमध्ये काळं टर्मिनल ग्राउंड नसतं, दोन्ही टर्मिनल जिवंत असतात. अशा अँपच्या दोन्ही बाजूंची उणे टोकं सबच्या आत एकमेकांना किंवा ग्राउंडला जोडली गेली तर अँप जाऊ शकतो.

### वाट ग आणि घ

ग मध्ये प्रत्येक प्री-आउटला एक स्प्लिटर, एकूण दोन. एक फाटा अँपला, एक सबला. रिसीव्हर व्हेरिएबलवर, आणि अँपला नॉब असेल तर तो एकदा बसवून विसरून जा. व्हॉल्यूम रोज रिसीव्हरवरच बदलायचा. अँपच्या नॉबला हात लावलात की स्पीकर आणि सबचा मेळ तुटला. सब अँपच्याच सब-आउटवरून घेतला असेल तर हे बंधन नाही.

घ मध्ये कन्व्हर्टर सबजवळ ठेवा, त्याचा गेन आधी अगदी कमी.

तपासणी: प्लग लावायच्या आधी फोटोतलं प्रत्येक नाव बोटाने वाचा. ‘झोन २’ असं लिहिलेल्या जागेव्यतिरिक्त कुठूनही सबकडे वायर जात असेल तर थांबा.

## पायरी ६: सबच्या पाठीवरचे नॉब

सुरुवातीला व्हॉल्यूम पाव, लो-पास ८० हर्ट्झ, फेज ०, आणि पॉवर ‘ऑटो’ नव्हे तर ‘ऑन’.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. हॉलमध्ये सबचा लो-पास नॉब शेवटपर्यंत फिरवून ठेवायचा किंवा एलएफई इनपुट वापरायचं, हे तुम्ही कुठेतरी वाचलेलं असतं आणि तिथे ते बरोबरच असतं, कारण कापाकापी रिसीव्हरने केलेली असते. झोन २ मध्ये उलट. एलएफई इनपुट सबचा स्वतःचा फिल्टर बाजूला सारतं. सबकडे येतंय अख्खं गाणं, त्यामुळे तो गायकाचा आवाजही घोगरा करून वाजवू लागतो. इथे लाइन इनच हवं आणि नॉब जिवंत हवा. एकाच भोकासाठी ‘एलएफई’ आणि ‘क्रॉसओव्हर’ असं निवडायचं बटण असेल तर ते क्रॉसओव्हरवर. सबला एलएफईशिवाय दुसरं इनपुटच नसेल आणि फिल्टर चालू करायची सोय नसेल तर मधे छोटा डीएसपी (नको ते सूर कापून देणारी डबी) किंवा अॅक्टिव्ह क्रॉसओव्हर घालण्यावाचून इलाज नाही.

८० हर्ट्झ ही सुरुवात आहे, उत्तर नव्हे. हॉलमध्ये एका रेषेच्या खाली सब आणि वर स्पीकर अशी दोन्हीकडून कापणी होते. झोन २ मध्ये स्पीकरचं काही कापलेलं नसतं. ते जमेल तितकं खाली वाजवतातच. तुमचे स्पीकर ६० हर्ट्झपर्यंत उतरत असतील आणि सब ८० पर्यंत चढत असेल, तर मधला पट्टा दोघं मिळून वाजवतात आणि बेस पिंपात बोलल्यासारखा होतो. म्हणून नॉब स्पीकर जिथे दमतो तिथे आणा: ६० पर्यंत उतरणाऱ्याला ५० ते ६०, छतातल्या छोट्या स्पीकरना ९० ते १००. त्याच्या वर नेलं की बेस कुठून येतोय ते कानाला बोट दाखवून सांगता येतं. नॉबवरचे आकडे पेन्सिलीच्या खुणेइतकेच खरे माना; शेवटचा शब्द कानाचा.

तपासणी: बातम्या वाचणाऱ्या पुरुषाचा आवाज लावा आणि सबच्या समोर गुडघ्यावर बसा, कान कोनपासून हातभर. नुसती अस्पष्ट हुंहुं ऐकू आली तर ठीक. शब्द कळत असतील तर फिल्टर लागलेलाच नाही किंवा नॉब फार वर आहे.

झोन २ चे स्पीकर अगदीच चिमुकले असतील आणि मोठ्या आवाजात फाटत असतील, तर त्यांच्या वाट्याचा बेस कापायला हवा, पण सबचा नको. मेनूतला एचपीएफ हे करू शकत नाही. काही सबच्या लाइन-आउटला किंवा हाय-लेव्हल आउटला हाय-पास असतो, काहींना नुसता आरपार मार्ग असतो. पुस्तिकेत आकडा दिलेला असेल तरच विश्वास ठेवा. नाहीतर पुन्हा तोच डीएसपी.

## पायरी ७: सब कुठे ठेवायचा

झोन २ मध्ये अंतराची सेटिंग बहुधा नसते, म्हणून सब स्पीकरपासून फार लांब नको. आवाज १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. बिनतारी सब-किट घेतली आणि तिने १५ मिलिसेकंद उशीर केला, तर सब पाच मीटर मागे सरकवल्यासारखं होतं, आणि ते भरून काढायला रिसीव्हरमध्ये जागाच नसते. माझा सल्ला केबलचाच.

कोपऱ्यात बेस वाढतो, पण घुमतोही. जुनी युक्ती अजून चालते: सब तुमच्या बसायच्या जागी ठेवा, एकसुरी चालणाऱ्या बेसचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येतो तिथे सब ठेवा. घरातले हसतील. हसू द्या.

## पायरी ८: फेज आणि पातळी, याच क्रमाने

रिसीव्हरचं ऑटो-सेटअप (माइकने खोली मोजून सेटिंग करणारं), मग ते ऑडिसी असो, वायपीएओ असो की एमसीएसीसी, मुख्य खोलीपुरतं असतं. माइक बेडरूममध्ये नेऊन ते पुन्हा चालवू नका. झोन २ सुधारणार नाही, हॉलचं मोजमाप मात्र पुसलं जाईल.

१. नेहमी ऐकता तेवढा व्हॉल्यूम लावा. अगदी हळू आवाजात कानाला बेस कमी जाणवतो. तेव्हा बसवलेला सब मोठ्या आवाजात अंगावर येतो.

२. लो-पासच्या आकड्याजवळचा एकसुरी टोन लावा, समजा ७० हर्ट्झ. बसायच्या जागी बसा आणि दुसऱ्याला फेज ० आणि १८० मध्ये बदलायला सांगा. ज्यात आवाज जास्त भरतो ते ठेवा. काहीच फरक नसेल तर एक तर सब फार हळू आहे किंवा स्पीकर त्या सुरापर्यंत उतरतच नाही.

३. आता पातळी. सबचा नॉब पूर्ण खाली, मग हळूहळू वर. सब ‘ऐकू आला’ की थोडा मागे. बरोबर बसलेला सब चालू असताना जाणवत नाही. बंद केल्यावर खोली रिकामी वाटते.

४. तीन वेगळी गाणी ऐका. एकच सूर सारखा दणकत असेल तर ती खोलीची लहर आहे, नॉबची नाही; सब अर्धा मीटर सरकवा.

## पायरी ९: गुणगुण

सबमधून सतत घूं येत असेल तर अंदाज बांधू नका, एकेक काढत जा. सबची आरसीए काढा. तरीही घूं येते? दोष सबमध्ये किंवा त्याच्या प्लगजवळ. थांबली? मग बहुधा ग्राउंड लूप: दोन डबे दोन वेगळ्या ठिकाणांहून अर्थिंग घेतात आणि आरसीएच्या शिल्डमधून फरकाचा करंट वाहतो. रिसीव्हरला येणारी केबल टीव्हीची किंवा अँटेनाची वायर काढून बघा. कित्येकदा चोर तिथेच सापडतो. जमल्यास रिसीव्हर आणि सब एकाच सर्किटवर घ्या. तरी गेली नाही तर आरसीएत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, पण त्याचा खालचा आकडा पाहून घ्या. हलका ट्रान्सफॉर्मर गुणगुणीसोबत खोल बेसही खातो, आणि मग सब लावलाच कशाला.

इशारा: अर्थिंगची पिन काढणं किंवा तिला टेप गुंडाळणं हा उपाय नाही. घूं जाते आणि बिघाडात डब्याचं धातूचं अंग जिवंत होऊ शकतं.

## पायरी १०: दोन्ही खोल्यांची एकत्र परीक्षा

हॉलमध्ये स्फोटांचा प्रसंग, झोन २ वर हळू गाणं. बेडरूमच्या सबने स्फोटांची दखलही घेता कामा नये. मग झोन २ चा व्हॉल्यूम शून्यावर: सब आणि स्पीकर एकत्रच गप्प झाले पाहिजेत. मग हॉल बंद, फक्त झोन २ चालू: सब वाजत राहिला पाहिजे. ‘ऑल झोन स्टीरिओ’ लावलंत तर हॉलचा सबही वाजेल, ते ठीकच आहे.

आता सबची पॉवर ‘ऑटो’वर करा आणि अर्धा तास हळू आवाजात गाणं चालू ठेवा. मधेच सब झोपला तर सिग्नल त्याला जागं ठेवायला अपुरा पडतोय. झोन २ ची पातळी थोडी चढवून सबचा नॉब तेवढा उतरवा. किंवा दोघांना ट्रिगर असेल तर तो झोन २ ला नेमून वायर टाका. काहीच नसेल तर ‘ऑन’वरच राहू द्या.

या अर्ध्या तासानंतर रिसीव्हरच्या वरच्या जाळीवर हात ठेवा. दोन खोल्या चालवताना तो नेहमीपेक्षा तापतो. हात ठेववत नसेल तर वरचं सामान हलवा, कपाटाचं दार उघडं ठेवा.

सगळं जमलं की कागदी टेपच्या तुकड्यावर लो-पास, फेज आणि नॉबची जागा लिहून तो सबच्या पाठीवर चिकटवा. साफसफाईत नॉब फिरतोच.